सहावा धातू

फोन माझ्या नंबरवर आला आणि मी तो दोनदा कापला. दुपारी साडेतीनला अनोळखी नंबर म्हणजे क्रेडिट कार्ड, नाहीतर रांजणगावचा प्लॉट. तिसऱ्यांदा उचलला तो खडसावण्याच्या तयारीनंच. पलीकडच्या मुलीनं माझ्या भाचीचं नाव घेतलं. म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी त्यांनी स्टेम सेल दानासाठी नाव नोंदवलं होतं. त्यांचा नंबर लागत नाही. पर्यायी म्हणून तुमचा दिलाय. त्यांना आम्हाला फोन करायला सांगाल का? जरा लवकर."

भाची तेव्हा एकोणीस वर्षांची, साताऱ्याहून येऊन माझ्याकडे राहून इंजिनिअरिंग करत होती. कॉलेजात शिबिर होतं. रांगेत उभं राहून फॉर्म भरला, गालाच्या आतून कापसाच्या काड्या फिरवून दिल्या, मैत्रिणीनंही दिल्या म्हणून हिनंही. त्या दिवशी तिथे मिळालेला समोसा तिला आठवत होता, फॉर्मवरचं काही आठवत नव्हतं. पुढे नोकरी लागली, सिम दोनदा बदललं. माझा नंबर मात्र मोबाइल घेतल्यापासून तोच. या सगळ्या गोष्टीत माझी कामगिरी विचाराल तर एवढीच.

रात्री तिनं फोन लावला. देशातल्या कुठल्यातरी रुग्णालयात कुणीतरी रक्ताच्या कर्करोगानं आजारी आहे आणि तिच्या पेशी त्या माणसाशी जुळतायत, इतकंच तिला सांगितलं गेलं. नाव, गाव, वय, काही नाही. सविस्तर तपासणीसाठी रक्त द्याल का? ती "हो" म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत बसली. "आत्या, मी हो म्हटलं. आता बाबांना कोण सांगणार?"

बाबांना म्हणजे माझ्या दादाला सांगणं सोपं होतं. आईला सांगणं कठीण होतं.

साताऱ्याच्या घरात त्या रविवारी जी बैठक झाली, तशी मी लग्नाच्या बोलाचालीनंतर पाहिली नव्हती. आईचं म्हणणं, मणक्यात सुई घालतात, पोर कायमची अधू होईल. वहिनी वरवर काही बोलत नव्हती, पण दोनदा म्हणाली, "अजून लग्न व्हायचंय तिचं." शेजारचे काका आले आणि त्यांनी कुणाच्या तरी साडूच्या पाठीत भूल दिल्यापासून कंबर कशी धरते ते सांगितलं. ही भीती आमच्याच घरची नव्हे. नोंदणी करून घेणाऱ्या माणसांशी पुढे बोलले, तेव्हा जो-तो हेच सांगत होता: आपल्याकडे तरुण मुलं शिबिरात उत्साहानं नाव देतात आणि खरोखर बोलावणं आलं की घर आडवं येतं. मुलीच्या बाबतीत तर हमखास.

मज्जा आणि मज्जारज्जू ही दोन नावं इतकी जवळची ठेवणाऱ्यांना एकदा जाब विचारायला हवा. मज्जारज्जू म्हणजे कण्यातून जाणारी मज्जातंतूंची दोरी. अस्थिमज्जा म्हणजे हाडाच्या पोटातला मऊ गर. दोघांचा संबंध नावापुरता. मटणाच्या नळीतून आपण ठोकून, ओढून खातो ती बहुतांशी पिवळी, चरबीची मज्जा. रक्त तयार करणारी असते ती लाल. मोठ्या माणसात ती कमरेच्या हाडात, बरगड्यांत, छातीच्या मधल्या हाडात, मणक्यांतही असते. पण दात्याच्या मणक्याला कुणी हात लावत नाही. काढायचीच झाली तर कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूनं काढतात.

माझे वडील आयुर्वेदाची पुस्तकं वाचणारे. लहानपणी सात धातू त्यांनी आमच्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतले होते: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. एकातून पुढचा घडतो, असा क्रम. त्यात रक्त दुसरं आणि मज्जा सहावी. आजच्या वैद्यकानं हा क्रम उलटा फिरवलाय. रक्त मज्जेत जन्मतं. तिथल्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, स्वतःसारख्या पेशी घडवत राहतात आणि त्यांतूनच तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स अशी सगळी प्रजा निघते. ल्युकेमियात हा कारखानाच बिघडतो. थॅलेसेमियात कारखाना चालू असतो, पण माल सदोष निघतो. जुना कारखाना मोडून नवा बसवणं, याला प्रत्यारोपण म्हणतात.

नवा बसवायचा तर शरीरानं तो आपला मानला पाहिजे. इथे रक्तगटाला फारसं महत्त्व नसतं, हे मलाही नवीन होतं. महत्त्व एचएलए नावाच्या खुणांना. पेशीच्या अंगावरच्या या खुणांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं. १९५८ साली झाँ दोसे या फ्रेंच डॉक्टरांनी त्यांतली पहिली खूण ओळखली, १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या खुणांचा संच सहाव्या गुणसूत्रावर असतो. अर्धा आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पूर्वी घरात सहा-सात भावंडं असत. आता एक किंवा दोन. कुटुंबात दाता न मिळणाऱ्यांची संख्या त्यामुळे मोठी, आणि त्यांना परक्याच्या दारी जावं लागतं.

परका तरी कोण? हे मांडताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण सांगायला हवं. एचएलएच्या खुणा वंशपरंपरेनं येतात, त्यामुळे जुळणारा दाता बहुधा त्याच प्रदेशात, त्याच पूर्वजांच्या गोतावळ्यात सापडतो. शतकानुशतकं पोटजातीत सोयरिकी करणाऱ्या देशात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. जर्मनीत लोकसंख्या आठ कोटींच्या वर आणि नोंदणीकृत दाते जवळपास एक कोटी. जगभर मिळून ते चार कोटींच्या पुढे गेलेत. भारतात १४० कोटी लोक, आणि दाते काही लाख. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला रक्ताचा कर्करोग झाला, तर तिथल्या भल्यामोठ्या यादीतही त्याला जोडीदार मिळणं गोऱ्या रुग्णाच्या मानानं अवघड जातं. त्याची खूण कदाचित कराडच्या नाहीतर अकोल्याच्या एखाद्या पोराच्या गालात असते, आणि त्या पोरानं कधी नाव नोंदवलेलं नसतं.

अशा याद्यांची सुरुवात एका आईनं केली. शर्ली नोलन. मुलगा अँथनी याला जन्मजात प्रतिकारशक्तीचा आजार होता, घरात कुणी जुळत नव्हतं. १९७४ मध्ये लंडनमध्ये तिनं परक्या दात्यांची नोंदवही सुरू केली. अँथनी १९७९ मध्ये गेला, त्याला दाता मिळालाच नाही. नोंदवही राहिली. भारतात चेन्नईची 'दात्री' २००९ पासून आहे, बंगळुरूची 'डीकेएमएस' २०१९ पासून.

त्याच्याही आधीची एक हकिकत मला फार ओढून घेते. ऑक्टोबर १९५८. युगोस्लाव्हियात बेलग्रेडजवळ विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला आणि सहा तरुण संशोधकांना किरणोत्साराचा जबर मारा बसला. त्यांना पॅरिसला नेलं. तिथे जॉर्ज माते नावाच्या डॉक्टरांनी पाच जणांना परक्यांची मज्जा दिली. दाते बहुतेक साधे फ्रेंच नागरिक होते. हा उपाय लागू पडेल की नाही, दात्याला काय होईल, कुणालाच नक्की माहीत नव्हतं. एक वर्ष आधी अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना मज्जा दिली होती आणि त्यांतला एकही शंभर दिवसांच्या पुढे जगला नव्हता. पॅरिसमधल्या पाचांपैकी चौघे वाचले. मज्जेमुळे वाचले की त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा सावरली, यावर डॉक्टरांनी पुढे पुष्कळ वाद घातला. मला मात्र त्या दात्यांचं कुतूहल वाटतं. ज्यांची भाषाही येत नाही अशा माणसांसाठी ते टेबलावर पालथे झोपले. त्यांच्या घरी बैठक झाली असेल का?

थॉमस यांनी चिकाटी सोडली नाही, १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याकडे सिॲटलला शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती, मज्जा भावंडाची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डॉक्टर स्वतः चाकाच्या खुर्चीत. टाटाचं हे काम आता खारघरच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये चालतं.

भाचीचं रक्त पूर्ण जुळलं. मग तिची आपादमस्तक तपासणी झाली: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कावीळ, एचआयव्ही, गर्भधारणेची चाचणी. दात्याची तपासणी करणारे डॉक्टर रुग्णाच्या डॉक्टरांपेक्षा वेगळे असतात, म्हणजे दात्याची बाजू बघणारं कुणीतरी राहतं. दादा रजा काढून आला होता. त्यानं वहीत प्रश्न लिहून आणले होते आणि ते एकामागून एक विचारले. शेवटचा असा: "समजा, ऐन वेळी आमचं मन बदललं तर?"

समन्वयक मुलगी जरा थांबली. मग तिनं सांगितलं ते असं. दाता कधीही नाही म्हणू शकतो, अगदी शेवटच्या मिनिटाला. कायद्यानं, नियमानं कुणी अडवणार नाही, कारणही विचारणार नाही. पण तारीख नक्की झाली की तिकडे रुग्णाला साधारण आठवडाभर आधीपासून अतिशय जहाल केमोथेरपी सुरू होते, कधी रेडिएशनही. त्याची स्वतःची मज्जा मुळापासून जाळून टाकतात. नव्या पेशींना जागा करायची असते. ते एकदा झालं की मागे जायला वाट नसते. नव्या पेशी पोचल्या नाहीत, तर त्या शरीरात रक्त बनवणारं काही उरलेलंच नसतं. "म्हणून नाही म्हणायचं असेल तर आज म्हणा," ती म्हणाली. "आज म्हणालात तर आम्ही दुसरा शोधू. अजिबात वाईट वाटून घेणार नाही."

आम्ही सगळे सुईबद्दल बोलत होतो. पहिल्या फोनपासून, साताऱ्याच्या बैठकीत, गाडीत येताना. किती जाड, कुठे टोचतात, किती दुखतं. खरा विषय निघाला तारखेचा. चोवीस वर्षांच्या मुलीनं कागदावर सही केली की पुढच्या काही दिवसांत एका अनोळखी माणसाचं रक्त तिच्या शब्दावर उभं राहणार होतं.

दादानं घरी जाऊन आईला हे जसंच्या तसं सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पानावर बसवल्यासारखंच झालं की. पानावर बसलेल्याला उठवत नाहीत." आणि उठून तिनं डिंकाच्या लाडवांचं बघायला घेतलं. पोरीची हाडं भरून यायला हवीत ना.

मूळपेशी घेण्याच्या दोन रीती आहेत. आता बहुतेक दाते हाताच्या शिरेतून देतात. पण मूळपेशी एरवी हाडात बसून असतात, रक्तात फारशा उतरत नाहीत. त्यांना बाहेर काढायला जी-सीएसएफ नावाचं औषध चार-पाच दिवस रोज टोचतात. आपल्या शरीरात जे थोडं तयार होतं तेच, जास्त मात्रेत. हाडाच्या आत पेशींची गर्दी वाढते आणि त्या रक्तात सांडायला लागतात.

भाचीला पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री कंबर धरली. तिसऱ्या दिवशी ती ऑफिसातून लवकर आली आणि म्हणाली, "आत्या, फ्लू येण्याच्या आदल्या दिवशी कसं होतं ना, तसं." चौथ्या दिवशी दुखण्याला ठावठिकाणा मिळाला. कंबर, मांड्या आणि छातीच्या मधल्या हाडात नाडीबरोबर ठणके. "हाडाला नाडी असते का गं?" तिनं विचारलं. जिथे लाल मज्जा, तिथेच दुखत होतं. आठवडाभर आधी शाळेतल्या आकृतीसारखं वाटलेलं शरीरशास्त्र आता ती बोटानं दाखवत होती. पॅरासिटामोल घेतलं की चार तास बरे जात. डोकं जड, झोप तुटक. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी एरवी चार ते अकरा हजारांच्या मध्ये असतात. पाचव्या दिवशी तिच्या चाळीस हजारांच्या वर होत्या. या दिवसांत प्लीहा थोडी वाढते, म्हणून धावपळ नको, वजन उचलायचं नाही, अशी ताकीद होती. प्लीहेला इजा होण्याचे प्रकार फार क्वचित घडतात, पण घडलेले आहेत, आणि ते तिला सही करण्याआधी सांगितलं होतं. 'काही नसतं हो, रक्तदानासारखंच' असं जे शिबिरात सांगतात त्यावर माझा राग आहे. रक्तदानासारखं ते नसतं. बाळंतपणासारखंही नसतं. चार दिवस दुखतं आणि पाचव्या दिवशी बसून राहायला लागतं, एवढं सरळ सांगितलं तर माणसं पळून जातील असं मला वाटत नाही. उलट ऐन वेळी घाबरणार नाहीत.

पाचवा दिवस. सकाळी आठला ती खुर्चीत बसली. एका हातातून रक्त निघतं, बाजूच्या यंत्रात फिरतं, घनतेप्रमाणे पेशी वेगळ्या होतात, हव्या तेवढ्या पिशवीत पडतात आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. चारेक तास. रक्त बाहेर काढताना गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे ओठांना मुंग्या येतात. नर्सनं आधीच सांगून ठेवलं होतं, "ओठ झिणझिणले की लगेच बोलायचं." झिणझिणल्याबरोबर कॅल्शियम दिलं. सुई असलेला हात वाकवायचा नाही, म्हणजे नाक खाजलं तरी पंचाईत. ते काम आत्याकडे. आम्ही लॅपटॉपवर 'अशी ही बनवाबनवी' लावला होता. ती हसली की यंत्र कुरकुरायचं आणि नर्स रागवायची, म्हणून मध्येच बंद केला. इतकी नाटकी गोष्ट इतक्या कंटाळवाण्या रीतीनं घडत होती, की दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही दोघीही पेंगत होतो.

पिशवी मी पाहिली. टोमॅटोच्या साराच्या रंगाची, पेलाभर. नर्सनं ती हातात धरून हलकेच हलवली, चिठ्ठी लावली. त्यातल्या पेशी मोजून पुरेशा आहेत हे कळायला संध्याकाळ झाली. कमी पडल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची होती. पुढचा प्रवास आम्हाला दिसला नाही. पिशवी दोन ते आठ अंश तापमानाच्या पेटीत ठेवतात आणि माणूस ती हातात घेऊन जातो, सामानात टाकत नाही. विमानतळावर एक्स-रे यंत्रातून जाऊ देत नाहीत, कागद दाखवून हातानं तपासून घेतात. बहात्तर तासांच्या आत ती पोचलीच पाहिजे. तिकडे ती रक्त चढवतात तशीच शिरेतून चढवतात. ऑपरेशन वगैरे काही नसतं. पेशी रक्तातून फिरत स्वतःच हाडाचा रस्ता शोधतात आणि आत जाऊन बसतात. कशा शोधतात त्याचं रसायन शास्त्रज्ञांनी बरंचसं उलगडलंय. मला ते पंढरीच्या वाटेसारखं वाटतं, आणि तसंच वाटू दिलं.

दुसरी रीत जुनी, थॉमस यांच्या काळापासूनची. दात्याला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात, कमरेच्या हाडात मागून सुया घालून मज्जा ओढून घेतात. मोठ्या माणसाची लिटरभर, कधी थोडी जास्त. शरीर ती काही आठवड्यांत भरून काढतं. पाठ मात्र आठवडाभर, खेचराची लाथ बसल्यासारखी दुखते. लहान रुग्णांसाठी, विशेषतः थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक ॲनिमियासाठी, पुष्कळ डॉक्टरांचा कल अजून याच रीतीकडे असतो.

थॅलेसेमियाची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. देशात दरवर्षी दहा-बारा हजार मुलं हा आजार घेऊन जन्मतात, असा अंदाज सतत दिला जातो. महिन्यातून एकदोनदा रक्त चढवायचं, जन्मभर. सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त, त्यामुळे आपल्याकडे उल्हासनगरला हा घराघरातला शब्द आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचं तेच. बोरिवलीला मुंबई महापालिकेचं लहान मुलांच्या प्रत्यारोपणाचं केंद्र आहे. कोल इंडियाच्या मदतीनं चालणाऱ्या योजनेतून २०१७ पासून थॅलेसेमियाच्या प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत मिळतात. तरी खर्चाचा आकडा ऐकून उठून जाणारे आईबाप मी रुग्णालयाच्या बाकावर बसून पाहिलेत.

अशाच एका बाकावर एक बाई भेटली. मोठा मुलगा आठ वर्षांचा, थॅलेसेमियाचा. धाकटी चार वर्षांची, तिची मज्जा जुळलेली. "हिला काय सांगितलंत?" मी विचारलं. "दादाला तुझ्यातलं थोडं रक्त द्यायचं म्हटलं. ती म्हणाली, सगळं नका घेऊ." बाई हसली आणि तिचा हसता चेहरा तसाच राहून डोळे भरले. माझ्या भाचीला महिनाभर वेळ मिळाला होता, नाही म्हणायची मुभा होती, दादाची वही होती. चार वर्षांच्या पोरीच्या वतीनं शब्द देते ती आई, आणि तीच दुसऱ्याचीही आई. यावर काय म्हणावं मला कळत नाही. डॉक्टर म्हणतात धोका अगदी थोडा असतो, ते खरंच आहे. मी तिला डबा दिला. आईचे डिंकाचे लाडू होते.

अलीकडे अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण करतात, म्हणजे आई, वडील किंवा मूलही दाता होऊ शकतं. प्रत्यारोपणानंतर ठरावीक दिवशी सायक्लोफॉस्फामाइड नावाचं जुनंच औषध देऊन भांडखोर पेशींना आवरायची युक्ती अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी रुळवली. भारतासारख्या, याद्या तोकड्या असलेल्या देशाला तिचा मोठा आधार झाला. मग अनोळखी दात्याची गरज संपली का? डॉक्टरांमध्ये एकमत नाही. पूर्ण जुळणारा तरुण दाता वेळेत मिळाला तर बरेच जण अजून त्यालाच पसंती देतात.

भाची दोन दिवसांत कामावर गेली. आठवड्यानं रक्ततपासणीत आकडे उतरले होते. लोकांनी तिला वीरबाला वगैरे करून टाकलं, ऑफिसात केक कापला. ती जराशी कानकोंडी झाली. मला म्हणाली, "आत्या, मला त्यांच्या तारखा मोजायची सवय लागलीय." पेशी रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या काळात रुग्ण काचेआड असतो, त्याला स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नसते. रुजल्या तरी नव्या पेशी त्याच्या शरीरालाच परकं मानून हल्ला करू शकतात, कातडीवर, आतड्यावर, यकृतावर. सगळं जमलं तर त्या माणसाचा रक्तगट बदलून तिचा होतो. म्हणजे कुठेतरी एकाच्या अंगात, गुणसूत्रं तपासली तर, आमच्या साताऱ्याच्या घराचं रक्त सापडेल. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग त्याला गोड आवडायला लागेल."

वर्षभर दाता आणि रुग्ण यांनी एकमेकांना ओळखायचं नाही, असा नियम. नंतरही दोघांची इच्छा असेल तरच. आधी मला तो कोरडा वाटला. आता कळतो. रुग्ण गेला तर दात्याला आपलंच काही चुकलं असं वाटू नये, आणि वाचला तर त्याच्यावर ओझं होऊ नये, मागणं होऊ नये. तिसऱ्या महिन्यात संस्थेकडून एका ओळीचा निरोप आला: पेशी रुजल्या आहेत, रुग्ण घरी गेला आहे. पुरुष की बाई तेही नाही. वर्ष उलटून गेलं तेव्हा तिनं भेटीसाठी संमती कळवली. तिकडून अजून काही आलेलं नाही. तिनं एकदाच विचारलं, नंतर विचारलं नाही.

पुन्हा बोलावणं येऊ शकतं. कधीकधी त्याच रुग्णाला त्याच दात्याच्या पेशी परत लागतात. म्हणून फॉर्मवर शेवटी पत्ता आणि फोन नंबर अद्ययावत ठेवायची विनंती असते. भाची आता हैदराबादला आहे, नंबर पुन्हा बदललाय. नवा कळवलाय तिनं, पण पर्यायी म्हणून खाली माझाच आहे.

गेल्या महिन्यात मोबाइलच्या दुकानात सिम बदलायला गेले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, इतका जुना नंबर, दिवसभर स्पॅम येत असणार. नवीन देऊ का, लक्षात राहील असा?" नको म्हटलं. आणि आता साडेतीनचे फोनसुद्धा उचलते. परवाचा प्लॉटचा होता, शिरवळजवळ, एनए.